दोन डाव्या

रबाळ्याच्या शेडमध्ये सकाळचं पहिलं काम:
टाकाऊ फळीवर एक कोपरा.
टाकाऊ हो म्हणेपर्यंत
खऱ्या लाकडाला हात लावायचा नाही.

राउटरच्या तोंडात आधी पसरट बिट,
खाली रुंद, गळ्याशी बारीक.
खोली फळीच्या जाडीएवढी, वर केसभर.
केस कुणाचा, हसुराम विचारतो.
त्याच्या डोक्यावर आता एकही नाही.

फळी उभी आवळायची, पाठीला भंगाराचा आधार,
नाहीतर बाहेर पडताना बिट
कडेचे रेषे ओरबाडून नेतं.
मग कान झाकायचे
आणि जिगच्या बोटांमधून, आत, बाहेर, आत,
घाई न करता.
शिवणीचा भुसा फिका. पापण्यांवर बसतो
आणि डब्यातल्या भाकरीवर.
बिट पूर्ण थांबेपर्यंत राउटर उचलायचा नाही:
हे मी जिगचं एक बोट गमावून शिकले.

शेपट्या झाल्या की सरळ बिट, मधल्या खुंट्यांसाठी.
सैल बसलं, घट्ट बसलं,
साचा रेघभर सरकवायचा, पुन्हा टाकाऊ फळी.
लाकडी हातोडीचा आवाज पोकळ, पोकळ,
आणि एका ठोक्याला भरलेला.

"याला डोव्हटेल म्हणतात," पहिल्या दिवशी मी सांगितलं होतं,
"पारव्याची शेपटी."
हसुरामनं मान वर केली.
पत्र्याखालच्या अँगलवर तीन पारवे बसले होते.
नीट बघून झाल्यावर म्हणाला,
"यो पारव्याचा नाय गो बाय. यो पापलेटाचा शेपूट."
दिवाळ्याचा माणूस. चाळीस वर्षं होड्यांना फळ्या लावल्या.
सांध्यावरून अंगठा फिरवला.
"आनि यातून पानी येल."

कोपरखैरण्याच्या ताहेरभाईंची ऑर्डर:
बटणांसाठी बारा खण. अठ्ठेचाळीस कोपरे.
सांधा आरपार हवा, दोन्ही अंगांनी दिसणारा.
गिऱ्हाईक एक बटण निवडायला अर्धा तास घेतं,
तेवढ्यात मला बघायला काहीतरी पाहिजे ना, म्हणाले.

चव्वेचाळीस कोपरे बसले.
बाराव्या खणाची उजवी फळी मी उलटी आवळली.
काप नितळ, एक रेषा उचकटलेली नाही,
आणि तळाची खाच बाहेरच्या अंगाला.
दोन डाव्या.
मी ती फिरवली, उलटी, सुलटी, पुन्हा उलटी,
लग्नाच्या हॉलबाहेर चपला शोधत राहावं तशी.
तेवढंच शिवण उरलं होतं.

राउटर बंद केला तरी कानात चालूच.
हसुराम काही बोलला नाही.
माझ्या हातातून फळी घेतली,
खिडकीशेजारी दोन ब्रॅकेटांवर आडवी ठोकली,
शेपट्या खोलीकडे.
चार शेपट्या, मधे तीन फटी,
तोंडाशी अरुंद, आत रुंद.
पिशवीतून त्याच्या पटाश्या काढल्या,
वरून एकेक सोडली.
पाव इंची, अर्धा इंची,
आणि एक झिजून बोटाएवढी उरलेली.
चिमटीनं पुढे ओढून बघितल्या.
घसरल्या नाहीत.
सहा महिने त्या पटाश्या रोज संध्याकाळी
बसमधून दिवाळ्याला जात होत्या.

मंगळवारी दुसरी शिवण आली, जरा तांबूस.
ताहेरभाईंनी खण एकेक ओढून पाहिले,
बाराव्यापाशी थांबले.
"ह्याचा रंग वेगळा."
मी खरं ते सांगितलं.
भिंतीवरची फळीही दाखवली.
तिच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले,
मग म्हणाले, यात काळी ठेवतो.

टेम्पो वळून गेला.
हसुराम झाडू घेऊन भुसा गोळा करत होता.
"बटनांना पान्याचा काय," स्वतःशीच म्हणाला,
आणि संध्याकाळी बसला रिकाम्या हातानं गेला.